भिंतीला तुम्ही दिसायला हवेत

आण्णा पडद्यासमोर उभे राहिले आणि काहीच झालं नाही.

त्यांच्या आधी दहा-बारा पोरं नाचून गेली होती. पडद्यावर अक्षरांचा पाऊस पडत होता. अक्षरं पोरांच्या डोक्यावर, खांद्यावर, पसरलेल्या हातांवर येऊन थांबत होती. हात वर नेला की अक्षरंही वर जात, हात काढून घेतला की घरंगळत खाली पडत. मग पोरांनीच आण्णांना हाताला धरून पुढं आणलं. ऐंशीच्या घरातला माणूस. पांढरा सदरा, पांढरं धोतर, डोक्याला पांढरी टोपी. अक्षरं त्यांच्या अंगातून सरळ खाली गेली. आण्णांनी ओंजळ पुढं केली, तिच्यातही एक अक्षर टिकलं नाही.

"पोरी, माझ्या अंगावर काय थांबंना गं," असं म्हणून ते मागं वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. बँकेच्या मशिनवर अंगठा उठला नाही की जसे गुपचूप बाजूला होतात, तसे ते बाजूला झाले.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या एका शाळेच्या मोठ्या वर्गातली ही संध्याकाळ. मी तिथं बरीच वर्षं चित्रकला शिकवायचे. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता पुण्यात कॉम्प्युटरचं शिक्षण घेते. सुट्टीत ती लॅपटॉप घेऊन आली, शाळेचा प्रोजेक्टर आणि एक वेबकॅम तिनं जोडला, पुढं पांढरी चादर ताणली आणि आपल्या तालुक्यातल्या गावांची नावं पावसासारखी पाडली. राशीन, मिरजगाव, कुळधरण, माहीजळगाव, सिद्धटेक. पावसाची वाट बघण्यात ज्यांचा जन्म गेला त्या लोकांसमोर गावांच्या नावांचा पाऊस. कल्पना मला फार आवडली होती. म्हणूनच आण्णांचं ते मागं वळणं मनाला लागलं, आणि म्हणूनच आज तुमच्याशी बोलते आहे.

आधी यंत्राचं काय चुकलं ते सांगते. पोरं उभी होती त्यांच्या पाठीमागं चुन्यानं रंगवलेली भिंत होती, तिच्यावर उजेड सोडला होता. चादरीखाली ठेवलेला कॅमेरा त्यांना टिपत होता आणि चादरीवर त्यांचंच चित्र आरशासारखं दिसत होतं. कॉम्प्युटरला एवढंच सांगितलेलं होतं, की जिथं काळसर दिसेल तिथं अक्षर थांबव, जिथं उजळ दिसेल तिथून पडू दे. गणवेशातली पोरं काळसर होती. पांढऱ्या भिंतीपुढं पांढऱ्या कपड्यातले आण्णा यंत्राच्या लेखी भिंतच होते.

ही युक्ती त्या मुलीची नव्हती, आणि ती ते मोकळेपणानं सांगत होती. १९९९ साली कमिल अटरबॅक आणि रोमी अचितूव या दोघांनी 'टेक्स्ट रेन' नावाची कलाकृती केली. तिच्यात एका कवितेची अक्षरं पडतात आणि प्रेक्षकांच्या अंगावर थांबतात. हात लांब केले की पुरेशी अक्षरं जमून एखादा शब्द, कधी ओळीचा तुकडा वाचता येतो. जगभरच्या कलाशाळांत आजही ती दाखवतात. पण आपल्या जिल्ह्यात पांढरं धोतर आणि पांढरी टोपी हा रोजचा पेहराव. तिकडची युक्ती जशीच्या तशी इकडं आणली, तर आपला अख्खा बुजुर्ग वर्ग तिच्यातून गळून पडतो. हे पुण्यात बसून कळलं नसतं. आण्णा येऊन उभे राहिले तेव्हा कळलं.

माझं सांगणं एवढंच आहे. यापुढं अशी कला तुमच्यापर्यंत येणारच आहे. जत्रेत, मॉलमध्ये, संग्रहालयात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीच्या मांडवात. ती आली की मागं राहू नका. समोर जाऊन उभे राहा. आणि तिनं तुम्हाला ओळखलं नाही, तर चूक आपली समजून बाजूला होऊ नका. करणाऱ्याला हाक मारा आणि सांगा, "मी इथं उभा आहे, मला उत्तर मिळालं नाही." अशी कला प्रेक्षकावाचून अर्धीच असते. तुम्ही तक्रार केलीत तर ती पुरी होण्याच्या वाटेला लागते.

लोक मला म्हणतात, "बाई, हे सगळं शहरातलं. आपल्याला कशाला?" त्यांना मी राशीनला घेऊन जाईन. जगदंबेच्या देवळातल्या दीपमाळा हलत्या आहेत, हे तालुक्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. एवढं मोठं बांधकाम, पण माणसानं हलवलं की डुलतं. जळगाव जिल्ह्यात एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याचे झुलते मनोरे, तीही याच घराण्यातली कारागिरी. ती नुसती बघून कळत नाही. कुणीतरी हात लावावा लागतो, आणि खाली उभ्या असलेल्यांनी माना वर करून "हलली, हलली" म्हणावं लागतं. ज्यानं ही दीपमाळ बांधली त्यानं तुमच्या हाताची जागा आधीच मोकळी ठेवली होती. सेन्सर आणि कॅमेरे आज आले. ही समजूत आपल्याकडं जुनी आहे.

कामिका एकादशीला कर्जतमध्ये गोदड महाराजांचा रथ निघतो तेव्हाही तेच. रथ उभा असतो तोवर ती लाकडाची देखणी वस्तू असते. दोराला शेकडो हात लागले की यात्रा होते. गोंधळी मध्येच थांबून समोरच्याला सवाल टाकतो, भारुडातलं सोंग गर्दीत शिरून एखाद्याची टोपी ओढतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ज्या लोकांना इतकी सवय आहे त्यांनी एका पडद्यापुढं बिचकावं, याचं मला वाईट वाटतं.

आता थोडं, अशी कला बघायची कशी याबद्दल.

पहिली गोष्ट, मोबाईल खिशात ठेवा. फोटो काढू नका असं मी म्हणत नाही, नंतर काढा. आत शिरल्याशिरल्या मोबाईल समोर धरला की एक हात अडकतो, मान वाकते आणि अंग आखडतं. या कलेला तर तुमचं अंगच हवं असतं. दुसरं, घाई करू नका. हात जोरजोरात हलवून "चालतं का" हे बघायची पोरांना हौस असते, ते ठीक आहे. पण सावकाश हालचाल केलीत तर जास्त काही घडतं. आमच्या त्या संध्याकाळी एका बाईंनी सहज पदर पसरला. देवीपुढं पसरतात तसा, दोन्ही हातांनी. तोवर पोरांच्या बाह्यांवर दोन-चार अक्षरं टिकत होती. पदरात ती भरायला लागली. अर्धं मिनिट त्या नुसत्या उभ्या होत्या आणि पदर अक्षरांनी भरत होता. वर्गात गलका होता तो बसला. पदर पसरणं म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि पावसापुढं पदर पसरणं म्हणजे काय हेही. करणाऱ्या मुलीनं हे योजलेलं नव्हतं. ती माझ्या शेजारी उभी होती, तिनं माझा हात घट्ट धरला.

म्हणून म्हणते, म्हाताऱ्या माणसांना पुढं आणा. पोरं आपोआप जातात, त्यांना कुणी सांगावं लागत नाही. आजीला, मावशीला हाताला धरून आणावं लागतं आणि मग थोडं लांब उभं राहावं लागतं. "असं कर, तसं कर" म्हणून शिकवू नका. त्यांच्या अंगात जे आहे ते पोरांच्या अंगात नाही. पाखडणं, पेरणं, मोट बांधणं, दळणं या हालचाली पडद्यावर आल्या की चित्रच बदलतं.

तिसरी गोष्ट ओळखण्याची. हल्ली मोठमोठ्या हॉलमध्ये भिंतीभर चित्रं फिरवतात. व्हॅन गॉगच्या चित्रांचा असा मोठा खेळ २०२३ साली मुंबईतही झाला. ते डोळ्यांना सुखावतं आणि बघावंही. पण सगळ्या चकचकीत गोष्टी एका जातीच्या नसतात. कुठंही गेलात की एक साधी परीक्षा घ्या. तुम्ही हललात तर समोर काही बदलतं का? तुम्ही नसता तरी हे असंच चाललं असतं का? असंच चाललं असतं, तर तो देखावा आहे. त्याचे पैसे देखाव्याइतकेच द्या.

आणि उत्तर मिळालं तरी पुढचा प्रश्न उरतो, की उत्तर कसलं? शिल्पा गुप्ता या मुंबईच्या कलावंत, जे. जे.मध्ये शिकलेल्या. त्यांच्या 'शॅडो' मालिकेतलं तिसरं काम २००७ सालचं आहे. त्यात प्रेक्षक समोर आला की त्याची सावली भिंतीवर पडते. गंमत वाटते, माणसं हात-पाय हलवतात. मग दोऱ्यांवरून सामानसुमान घसरत येतं आणि सावलीला चिकटतं. आणखी येतं, आणखी चिकटतं, ढीग वाढत जातो. आपल्याच सावलीवर ओझं चढताना बघायचं. खेळत खेळत सुरू झालेली गोष्ट माणसाला गंभीर करून सोडते. मेक्सिकोत जन्मलेले राफाएल लोसानो-हेमर यांनी २००६ साली 'पल्स रूम' केली. खोलीभर दिवे टांगलेले. मुठीत दोन दांडे धरायचे, की तुमच्या नाडीच्या ठोक्यावर एक दिवा उघडझाप करू लागतो. पुढचा माणूस आला की तुमचा ठोका शेजारच्या दिव्यात सरकतो. असं करत करत खोली अनोळखी माणसांच्या ठोक्यांनी भरते, आणि सर्वांत जुना ठोका रांगेच्या टोकाशी जाऊन नाहीसा होतो. एवढ्या साध्या साधनात जन्ममरण आणता येतं. अशी कामं आहेत म्हणून मी या कलेला नुसता खेळ म्हणायला तयार नाही.

गणेश मंडळांच्या पोरांशी मला वेगळं बोलायचं आहे, कारण यातलं बरंचसं तुमच्याच हातात आहे. तुमचे वडील-काका हलते देखावे करायचे. सायकलची चेन, जुनी मोटर, लाकडी कप्प्या, आणि कालियामर्दनाचा नाग डोलायचा. महिनाभर रात्री जागून पोरं ते उभं करत. ती सगळी बुद्धी तुमच्यात आहे आणि तुम्ही भाड्याची एलईडी भिंत लावून मोकळे होता. वर लेझर. लेझरचं तर मला हात जोडून सांगायचं आहे. तो किरण सरळ डोळ्यात गेला तर डोळ्याच्या आतल्या पडद्याला भाजल्यासारखी जखम होऊ शकते, आणि ती दरवेळी भरून येत नाही. मिरवणुकांमध्ये डोळे दुखावल्याच्या तक्रारी आल्यावर २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी लेझर लाइटवर बंदी घातली. बंदीची वाट आपण कशाला बघायची? ज्या रोषणाईपुढं बापाला पोराचे डोळे हातानं झाकावे लागतात, ती देवापुढं नको.

त्याच पैशात दुसरं होऊ शकतं. प्रोजेक्टर तुम्ही भाड्यानं आणताच. लॅपटॉप कुणाकडं तरी असतो. वेबकॅम साधा चालतो. 'पी-फाइव्ह' नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, आणि कलावंतांनी वापरावं म्हणूनच ते केलेलं आहे. आमच्या मुलीनं त्यातच काम केलं. तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर शिकणारी आठ-दहा पोरं निघतील आणि चित्र काढणारी तितकीच. त्यांना एका खोलीत बसवा आणि महिनाभर आधी सांगा, आदल्या रात्री नको. भाविक आरतीच्या टाळ्या वाजवतील तशा पडद्यावर पणत्या उजळत जातील, एवढं साधं केलंत तरी चालेल. टाळी थांबली की पणत्या मंद. मांडवातला प्रत्येक माणूस तो दिवा आपण लावला म्हणून घरी जाऊन सांगेल.

पालकांनो आणि गुरुजनांनो, पोरांना मोबाईलवर तयार खेळ खेळू देण्यापेक्षा खेळ करायला द्या. 'स्क्रॅच' हे मुलांसाठीचं सॉफ्टवेअर २००७ पासून फुकट मिळतं. त्यात कॅमेऱ्यासमोर हात हलवला की पडद्यावरचं चित्र हलेल अशी सोय आहे, आणि पाचवीतलं पोरगं दुपारभरात ते करतं. 'मेकी मेकी' म्हणून कॉम्प्युटरला जोडायची एक छोटी पाटी मिळते. तिची वायर केळ्याला जोडली की केळं पेटीची पट्टी होतं, लिंबाला जोडली की लिंबू. नीती आयोगाच्या योजनेतून काही शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळाल्या आहेत. एका लॅबला २० लाखांपर्यंत अनुदान असतं आणि त्यात सेन्सर येतात. तुमच्या जवळच्या शाळेत अशी लॅब असेल तर जाऊन विचारा, कपाट शेवटचं कधी उघडलं होतं. सेन्सर जपून ठेवण्याची वस्तू नाही. दोन मोडतील, मोडू द्या. चित्रकलेच्या तासाला खडू झिजतात, तसंच आहे ते.

एक सावधगिरी मात्र घ्या. अशा कामात बहुधा कॅमेरा असतो. कॅमेरा तुम्हाला बघतो, तर त्यानं बघितलेलं कुठं जातं हा प्रश्न तुमच्या हक्काचा आहे. "हे चित्र साठवता का? कुणाला देता?" एवढं विचारायचं. चांगलं काम करणारा लगेच सांगेल, की काही साठवत नाही, क्षणभर वापरतो आणि सोडून देतो. आमच्या मुलीनं तसं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाराशी चिकटवलं होतं. कुणी चेहऱ्याचा फोटो काढून नाव-नंबर लिहायला सांगितलं तर थांबा. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर आईबापांची संमती लागते, हे २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात लिहिलेलं आहे. शाळेच्या सहलीतही हे विचारा.

आण्णांचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं.

मुलगी धावत त्यांच्या मागं गेली. "आण्णा, थांबा, तुमचं नाही चुकलं, माझं चुकलंय," असं तिनं चारचौघांत म्हटलं. कुणीतरी आपल्या खांद्यावरची काळी घोंगडी आण्णांच्या अंगावर टाकली. ते पुन्हा उभे राहिले. घोंगडीवर पहिलं अक्षर थांबलं तेव्हा पोरांनी जो आरडाओरडा केला, तो पार रस्त्यावर ऐकू गेला असेल. तरी मुलीचं समाधान झालं नाही. माणसानं आपले कपडे बदलून यंत्रापुढं यावं हे तिला पटेना. दुसऱ्या दिवशी तिनं मागं रंगमंचाचा हिरवा पडदा लावला आणि नियम बदलला. आधी रिकाम्या पडद्याचं चित्र घ्यायचं, मग त्याहून जे जे वेगळं दिसेल ते माणूस समजायचं. पांढरे कपडे दिसू लागले, काळेही दिसू लागले. मग हिरव्या लुगड्यातल्या एक बाई आल्या आणि गळ्यापासून घोट्यापर्यंत गायब झाल्या. त्यांनी मात्र आण्णांसारखं केलं नाही. "अगं, मी दिसंना की!" म्हणून जागेवरूनच ओरडल्या. रात्री पुन्हा दुरुस्ती. अशा चार संध्याकाळी गेल्या. रोज कुणीतरी नवं आलं आणि यंत्राला काय दिसत नाही ते दाखवून गेलं.

अक्षरांचीही तीच गत. पहिल्या रात्री 'राशीन'चे काने आणि वेलांट्या सुट्ट्या पडत होत्या, तुटक ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकून. 'कर्जत'मधला रफार मोडला होता. यंत्राच्या हिशेबी त्या शब्दात पाच तुकडे आहेत, क, र, हलन्त, ज, त, आणि ते पाचही वेगवेगळे कोसळत होते. हे एका सातवीतल्या पोरानं दाखवलं, "ताई, आपलं गाव फुटलंय." मग पोरांनी फळ्यावर तालुक्यातल्या गावांची नावं लिहून अक्षरं नीट तोडून दिली. क, र्ज, त. मुलीनं ती तशीच यंत्रात भरली.

चौथ्या संध्याकाळी साडेआठला वीज गेली. प्रोजेक्टर बंद, वर्ग अंधारात. लोक उठतील असं वाटलं. पण कुणीतरी मोबाईलची बॅटरी लावली आणि आण्णांनी त्या उजेडापुढं दोन्ही हात धरले. बोटं दुमडून, एकमेकांत अडकवून त्यांनी चादरीवर काळवीट उभं केलं, शिंगांसकट. रेहेकुरीच्या अभयारण्यातलं आहे, म्हणाले. पोरं उठून पडद्याशी गेली आणि आपापल्या हातांच्या सावल्यांनी त्याला चारा घालू लागली. काळवीट मान वळवून प्रत्येकाचा घास घेत होतं.

लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालूच होता. वीज आली, प्रोजेक्टर हळूहळू उजळला. आण्णांनी हात खाली घेतले नव्हते. वरून पडणारी अक्षरं आता त्यांच्या बोटांवर थांबत होती, आणि उजव्या शिंगाच्या टोकावर 'र्ज' येऊन बसला होता.